एमजीबीला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर लावला आणि आता ऑइल गळतंय? आधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल.

जुन्या डब्याऐवजी स्पिन-ऑन (फिरवून लावायच्या) फिल्टरचं किट बसवलं, गाडी चालू केली, सगळं कोरडं. दोन दिवसांनी सकाळी गॅरेजच्या फरशीवर दोन पौंडांच्या नाण्याएवढा डाग. पुसलात, फिल्टर अजून थोडा आवळलात, परत डाग. हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात गरम इंजिनला काहीच गळत नाही, पण थंडीत सकाळी सेल्फ मारला की ऑइल फिल्टरच्या वरच्या कडेतून धार लागल्यासारखं येतं आणि इंजिन तापलं की आपोआप थांबतं. तिसऱ्यात गळती नाहीच, पण गाडी चार-पाच दिवस उभी असली तर चालू केल्यावर ऑइल प्रेशर गेजचा काटा आठ-दहा सेकंद शून्यावर झोपलेला आणि खालून खडखड. चौथा प्रकार कमी दिसतो पण सगळ्यात घाबरवणारा आहे, फिल्टरचा डबा तळाशी फुगलेला आणि त्याचं रबर एका बाजूने बाहेर आलेलं.

माझी गाडी १९६६ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, पाच बेअरिंगवालं इंजिन. राहतो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ. हे काम माझ्या गाडीवर दोनदा आणि मग ओळखीच्यांच्या चार गाड्यांवर केलंय, त्यामुळे कोण कुठे चुकतं ते आता पाठ झालंय (पहिल्यांदा चुकणारा मीच होतो, ते पुढे येईल). हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचा सख्खा भाऊच, तेव्हा घरी कुणी ॲम्बॅसडर उघडलेली असेल तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

थोडक्यात रचना सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. सुरुवातीच्या एमजीबीत इंजिनाच्या उजव्या बाजूला ब्लॉकला फिल्टरचं एक हेड (सिलिंडर हेड नव्हे) लावलेलं असतं आणि त्याखाली लोखंडी डबा एका लांब बोल्टने टांगलेला असतो. डब्यात कागदी किंवा फेल्टचा फिल्टर, स्प्रिंग, प्लेट, वायसर असा सगळा संसार. डब्याची वरची कड हेडमधल्या गोल खाचेत घुसते आणि त्या खाचेत रबराची चौकोनी रिंग असते. दर वेळी बदलताना अर्धा लिटर काळं ऑइल बाहीतून कोपरापर्यंत, म्हणून लोक किट लावतात: डबा काढायचा, त्याच्या जागी एक ॲडॉप्टर मधल्या बोल्टने आवळायचा आणि त्याला आजकालचा फिरवून लावायचा फिल्टर. कल्पना झकास आहे, मी परत डब्याकडे जाणार नाही. पण जोड एक होता तिथे आता दोन झाले, फिल्टर आणि ॲडॉप्टरमधला एक, ॲडॉप्टर आणि हेडमधला दुसरा. गळतं यातल्या एका ठिकाणाहून आणि लोक आवळत बसतात दुसरं.

फुकटातली तपासणी: ऑइल खरंच तिथलंच आहे का

हसू नका, एकाची गाडी मी दुपारभर उघडून बसलो होतो आणि ऑइल येत होतं डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून. तो फिल्टरच्या वरच असतो, ऑइल ओघळून फिल्टरवर येतं आणि आळ फिल्टरवर. गेजकडे जाणाऱ्या नळीचा जोडही बघा आणि ऑइल कूलर असेल तर फिल्टरच्या हेडला येणाऱ्या होजचा नट पण बघा. टॅपेट कव्हरबद्दल एक गंमत, आपल्याकडे मिस्त्री ज्याला टॅपेट कव्हर म्हणतात ते वरचं झाकण इथे रॉकर कव्हर, आणि या इंजिनाला खरीखुरी टॅपेट कव्हरं वेगळीच असतात, डाव्या बाजूला मॅनिफोल्डखाली. ती गळाली तर ऑइल डावीकडे दिसतं, पण गाडी चालवली की वारा ते सगळीकडे फासतो, म्हणून रस्त्यावरून आल्या आल्या बघून काही कळत नाही.

तर करायचं असं: इंजिन गार असताना सगळा भाग डिग्रीझर आणि फडक्याने लख्ख पुसा, सुकू द्या, मग टाल्कम पावडर फुंकून मारा. जागेवरच इंजिन दोन मिनिटं चालवा, बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च लावून खालून व्हिडिओ काढा. ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. रेघेचा सगळ्यात वरचा बिंदू महत्त्वाचा, जिथे थेंब लोंबतोय तो नाही.

ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथल्या खालच्या भोकातून टपकत असेल तर फिल्टरचा काही संबंध नाही, तो मागच्या क्रँकचा किंवा गिअरबॉक्सचा सील आहे आणि त्याला इंजिन खाली उतरवावं लागतं. इथेच थांबा, गॅरेजवाल्याला फोन करा.

डिपस्टिक

याला एक मिनिट लागतं आणि तरी कुणी करत नाही. गाडीच्या वर्कशॉप पुस्तकात फिल्टरसकट साडेसात इंपीरियल पाइंट म्हणजे साधारण ४.२६ लिटर लिहिलंय, पण ते जुन्या डब्यासकट. तुमचा नवा फिल्टर लहान असेल तर तेवढंच ओतल्यावर पातळी वर जाते आणि जास्तीचं ऑइल असलं की प्रत्येक कच्च्या पॅकिंगमधून डोकावतं. उलट मोठा फिल्टर असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर पातळी खाली येते. म्हणून आधी थोडं कमी ओता, चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी परत बघा आणि मग भरा.

फिल्टर स्वतः

आता फिल्टर फिरवून काढा. आधी त्याचं रबर त्याच्याबरोबर आलं का ते बघा. यापूर्वीच्या फिल्टरचं रबर ॲडॉप्टरला चिकटून राहिलं आणि त्याच्यावर नवा फिल्टर बसवला तर दोन रबरं एकावर एक होतात, आणि असा जोड आधी धरतो आणि थंडीत प्रेशर चढलं की अचानक सोडतो.

मग आटे. हा मुद्दा जरा नीट वाचा. बऱ्याच किटांच्या ॲडॉप्टरवर ३/४ इंच, इंचाला १६ आट्यांचा नळकांडा असतो. बाजारात दिसायला हुबेहूब तसेच पण १३/१६ इंची किंवा २० मिलिमीटरचे फिल्टर भरपूर मिळतात. ते या नळकांड्यावर चढायला लागतात, फिरतात सुद्धा, फक्त थोडे डुगडुगतात. रबर दाबलं गेलं की डुगडुग जाते आणि आपल्याला वाटतं बसला. तो बसलेला नसतो, आट्यांच्या टोकांवर लटकलेला असतो, आणि ७० पौंड (दर चौरस इंचाला) प्रेशर आलं की निघतो. चार लिटर ऑइल रस्त्यावर पडायला फार वेळ लागत नाही आणि त्यापुढच्या मिनिटात बेअरिंगं जातात. म्हणून रबर टेकायच्या आधी, तीन-चार आटे चढलेले असताना, फिल्टर हाताने हलवून बघा. खुळखुळ वाटली तर तो तुमचा फिल्टर नाही, दुकानात परत द्या. किटबरोबरच्या कागदावर जो नंबर आहे तोच घ्या, "याला हा पण चालतो" म्हणणाऱ्या काउंटरवाल्यावर विश्वास ठेवू नका.

रबराचा घेर ॲडॉप्टरच्या घासलेल्या सपाट भागावरच बसतो का तेही बघा. नव्या रबराला ऑइलचं बोट फिरवा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरी, बस. पान्याने आवळायचं नाही. पुढच्या वेळी काढताना स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिल्टर फाडत बसलात की ही ओळ आठवेल.

फिल्टर सरळ खाली लोंबणारा असेल तर लावायच्या आधी त्यात ऑइल भरा. बसवल्यावर गाडीखालून हात घालून तो कुठे टेकत नाही ना, स्टिअरिंगच्या दांड्याला, होजला, ते चाचपून घ्या. घासणारा फिल्टर महिनाभर गुपचूप घासतो आणि मग भोक पडतं.

काटा उशिरा उठतो त्यांच्यासाठी

तुमची तक्रार गळतीची नसून खडखडीची असेल तर बहुतेक वेळा फिल्टरमधला परतीचा व्हॉल्व्ह, म्हणजे आत येणाऱ्या भोकांवरची ती रबराची पातळ टोपी, नसतो किंवा कडक झालेला असतो. ती नसेल तर गाडी उभी असताना ऑइल हळूहळू पंपातून मागे चेंबरमध्ये उतरतं. खाली लोंबणाऱ्या फिल्टरला याचा त्रास कमी, आडवा बसवणारी किटं आहेत त्यांना जास्त, आणि नंतरच्या एमजीबींना कंपनीनेच उलटा, तोंड खाली करून फिल्टर दिला त्यांना सगळ्यात जास्त, कारण तो फिल्टर अख्खा रिकामा होतो. चांगला फिल्टर घ्या, पाच-सहा पौंड जास्त जातील. माझ्या गाडीत आता आठवड्याने सुद्धा तीन-चार सेकंदात काटा उठतो.

दुसरा व्हॉल्व्ह बायपासचा. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंडीत मधासारखं झालं तर इंजिनाला ऑइल मिळत राहावं म्हणून तो उघडतो. तो किटच्या ॲडॉप्टरमध्ये किंवा तुमच्या हेडमध्ये आहे की फिल्टरमध्ये असायला हवा, हे किटच्या कागदावरून नक्की करा. कुठेतरी एका ठिकाणी पाहिजेच.

फिल्टर बदलल्यावर काटा अजिबात उठतच नसेल, तर इंजिन चालू ठेवून वाट बघू नका. बंद करा. प्लग काढा, कॉइलची वायर काढा आणि सेल्फवर दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. प्लग काढल्यावर बेअरिंगांवर भार नसतो म्हणून हे चालतं. तरीही नाही उठला तर पंपाने ऑइल सोडलंय, त्याला आधी पाजावं लागतं: ब्लॉकच्या मागून कूलरकडे जाणारा होज सोडवायचा आणि त्यातून ऑइल मागे पंपाकडे ओतायचं. त्यानंतरही शून्य असेल तर सेल्फ मारणं बंद, गाडी ट्रेलरवर.

आता खरा चोर: खाचेतली जुनी रिंग

वरचं सगळं बरोबर निघालं आणि टाल्कम पावडरीतली रेघ ॲडॉप्टरच्या *वरच्या* कडेतून येत असेल, तर ॲडॉप्टर उतरवायची तयारी करा. मी बघितलेल्या सहापैकी चार गळत्या इथल्याच होत्या.

गाडी घोड्यांवर (ॲक्सल स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका आणि विटांवर तर नाहीच नाही. इंजिन गार असू द्या. खाली रुंद ट्रे ठेवा, मधला बोल्ट सोडवा, ॲडॉप्टर हातात घ्या. आता हेडमधली ती गोल खाच बघा. मान वाकडी करून दिसत नाही, मोबाईल सेल्फीवर टाकून खाली धरा.

माझ्या वेळी मला तिथे काय दिसलं, तर स्वच्छ, काळपट, सपाट खाच. किटमधली नवी रिंग काढली, परत घातली, आवळलं, गळलं. नवीन रिंग मागवली, गळलं. मग अक्कल गहाण ठेवून सिलिकॉन लावलं, तरी गळलं, आणि ते सिलिकॉन खरवडण्यात एक रविवार गेला. शेवटी वैतागून खाचेच्या तळाला सुईने खरवडलं तर काळा भुगा पडला. धातूला खरवडल्यावर चकाकतं, भुगा पडत नाही! ज्याला मी खाचेचा तळ समजत होतो ती जुनी रबराची रिंग होती, वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये शिजून दगड झालेली, आणि आधी कुणीतरी गॅरेजमध्ये ती तशीच ठेवून तिच्यावर पुढची बसवत गेलं होतं. मी काढली तेव्हा एकावर एक दोन निघाल्या.

असं झालं की गळणारच, कारण नवी रिंग खाचेत नीट उतरतच नाही. ॲडॉप्टरची कड आत घुसून तिला चारी बाजूंनी कोंडायला हवी, त्याऐवजी ती वर उचललेली राहते, आणि गार ऑइलचं प्रेशर आलं की कडेने बाहेर सरकते. गरम झाल्यावर प्रेशर उतरतं आणि गळती थांबते. दुसरं लक्षण आठवा, तेच हे.

काढायची कशी: वाकवलेली टोकदार सुई किंवा दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला हुक. कडक असेल तर अगदी लहान लाकडाचा स्क्रू रिंगमध्ये दोन आटे फिरवा आणि पकडीने ओढा, तुकडा निघाला की बाकीची येते. मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, खाचेच्या भिंतीला चरा पडला की ती गळती रिंगने बंद होत नाही. तारेचा ब्रशही नको, त्याची तार तुटून ऑइलच्या वाटेत गेली तर काय होईल ते सांगायला नको. लिंट नसलेलं फडकं आणि बोट.

मग तळाला परत सुई लावा. चकाकलं पाहिजे, पूर्ण गोलात, एका ठिकाणी बघून सोडू नका.

किटमध्ये कधी कधी दोन जाडीच्या रिंगा येतात, कारण हेड एकाच बनावटीची नव्हती, टेकालेमिट आणि प्युरोलेटर अशा दोन्ही कंपन्यांचे फिल्टर या गाड्यांना लागलेले आहेत. दोन्ही रिंगा *लावायच्या* नसतात! खाचेत सैल न पडता आणि न ताणता बसते ती एक. तिला किंचित व्हॅसलीन लावा म्हणजे वर तोंड करून बसवताना खाली पडत नाही, आणि ॲडॉप्टर लावायच्या आधी बोटाने अख्खा गोल फिरून या, कुठे पिळली आहे का.

मधला बोल्ट किटच्या कागदावर दिलाय तेवढाच आवळा. जुन्या डब्याच्या बोल्टला पुस्तकात १५ पौंड-फूट दिलंय, म्हणजे जवळपास २० न्यूटन-मीटर, फारच कमी. हाताच्या अंदाजाने लोक याच्या दुप्पट लावतात. बोल्टखालचं वायसर नवीन घाला. आणि आवळताना बोल्ट लोण्यात फिरल्यासारखा मऊ लागला तर हात तिथेच थांबवा, आटे चाललेत. अजून एक फेरी म्हणजे नवं हेड.

तरीही ओलंच

ॲडॉप्टरची कड काचेवर ठेवून बघा, डुलली तर वाकडी आहे, परत पाठवा. कानशीने घासून सरळ करू नका. हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग हा पुढचा संशयित. ते बदलणं अवघड नाही, पण कूलरचा होज सुटतो आणि गंजलेला नट असेल तर नळीही पिळते, एका पान्याने होज धरून दुसऱ्याने नट सोडवायचा. पॅकिंगला सिलिकॉन नको, आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून ऑइलच्या वाटेत बसतं.

आणि फुगलेला फिल्टर. नवा फिल्टर लावून गप्प बसू नका, फिल्टर आपोआप फुगत नाही. ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे घुमटासारख्या डोक्याच्या नटाखाली प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह आहे, तो ७० पौंडाला उघडायला हवा. अडकला तर थंडीत प्रेशर त्याच्या कितीतरी वर जातं आणि सगळ्यात कच्चा भाग, म्हणजे फिल्टर, फुगतो. व्हॉल्व्ह काढून साफ करणं आणि स्प्रिंग मोजणं (मोकळी असताना ३ इंच, ७६ मिलिमीटर) हे सवय असलेल्याने करावं. ज्याने हा नट कधी सोडवला नाही त्याने पहिला धडा इथे गिरवू नये असं माझं मत.

थांबा आणि गॅरेजला द्या, इथे घासाघीस नाही

इंजिन पूर्ण तापल्यावर स्लोला (आयडलिंगला) काटा १० पौंडाच्या खाली जात असेल. पुस्तकात स्लोला १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० आहे, आणि कमी प्रेशर फिल्टर बदलून वर येत नाही, ते बेअरिंग, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्हचं काम आहे. गेज खोटं बोलत असेल असं वाटलं तर आधी दुसरं गेज लावून खात्री करून घ्या, तेवढं गॅरेजवाला दहा मिनिटांत करतो. प्रेशर आल्यावरही खालून ठकठक येत असेल. हेडला तडा दिसत असेल. बोल्टचे आटे गेले असतील. काढलेल्या ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसत असेल. यातलं काहीही असेल तर चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या. नेताना विचारून घ्या की बी-सिरीज इंजिन आधी उघडलंय का.

इंग्लंडमध्ये २०१८पासून ४० वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना एमओटी (गाडीची वार्षिक सरकारी तपासणी) सक्तीची नाही, त्यामुळे वर्षातून एकदा दुसरं कुणी खालून बघायचं ते आता होत नाही. मी तरी दर एप्रिलला मुद्दाम करून घेतो.

दुरुस्तीनंतर पहिले पाच मिनिटं जागेवर, मग गार होऊ देऊन सकाळी थंड सुरुवात, कारण गळती असली तर तेव्हाच येणार. मग पन्नास मैल, आणि परत टाल्कम पावडर. खाली पुठ्ठा ठेवून त्याच्यावर तारीख लिहा, माझ्याकडे गेल्या वर्षीचा पुठ्ठा आहे, त्याच्यावर फक्त मांजराची पावलं आहेत. जुनं ऑइल आणि फिल्टर काउन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला, तिथे ऑइलची वेगळी टाकी असते, फिल्टर मात्र आधी रात्रभर पालथा ठेवून निथळून न्या.